रानात गेलंय

उदगीरच्या एखाद्या जुन्या गल्लीत सकाळी नऊच्या सुमाराला दारात उभं राहून "मालक आहेत का?" म्हणून विचारलं, तर आतून उत्तर येतं, "रानात गेलेत." पुण्या-मुंबईकडून पहिल्यांदा आलेला पाहुणा हे ऐकून गोंधळतो. रान म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढं गच्च झाडी येते आणि इथं तर नजर पोचेल तिथवर उघडं पठार आहे. मालक गेलेले असतात आपल्या सहा एकरांत, तुरीत फेरी मारायला. मराठवाड्यात शेताला रान म्हणतात. काळं रान, बरड रान, चिबाड रान, पडीक रान. पेरलेलंही रान आणि न पेरलेलंही रानच. आमच्या घरी एखादं पोर दिवसभर दिसलं नाही आणि कुणी चौकशी केली, की आजी म्हणायची, "रानात गेलंय," आणि तेवढ्यावर विषय मिटायचा. रानात गेलेलं पोर वाया गेलेलं नसतं, असं तिचं सरळ गणित होतं.

ते गणित कितपत बरोबर होतं, हे या प्रकरणात बघायचं आहे. माणूस लहानपणी कुठं वाढला, कशाकशाला हात लावून वाढला, यावरून मोठेपणी तो झाडापाण्याशी कसा वागेल हे ठरतं का?

थॉमस टॅनर या अमेरिकी अभ्यासकानं १९८० मध्ये एक साधी गोष्ट केली. निसर्गरक्षणाच्या संस्थांत काम करणाऱ्या लोकांना त्यानं लिहायला सांगितलं, की तुम्ही या वाटेला कशामुळं लागलात? उत्तरांत सगळ्यांत जास्त वेळा आलं ते लहानपणीचं उघड्यावरचं हिंडणं. ओढ्याकाठी, माळावर, झाडीत. पण या पद्धतीत एक उणीव आहे आणि ती आपण लक्षात ठेवायला हवी. जे निसर्गाच्या कामाला लागले त्यांनाच विचारलं, तर ते आपलं बालपण त्याच रंगात आठवणार. त्याच ओढ्याकाठी खेळून पुढं सिमेंटचं दुकान टाकलेल्या सवंगड्याला कुणी विचारलेलंच नसतं.

ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली नॅन्सी वेल्स आणि क्रिस्टी लेकीज यांनी. त्यांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या शहरी भागांतल्या सुमारे दोन हजार साध्या माणसांना, अठरा वर्षांच्या तरुणांपासून नव्वदीच्या म्हाताऱ्यांपर्यंत, त्यांनी अकराव्या वर्षाच्या आतलं बालपण विचारलं आणि आजचं वागणंही विचारलं. त्यांनी निसर्गाचे दोन भाग केले होते. एक जंगली निसर्ग, म्हणजे झाडीत खेळणं, डोंगर चढणं, तंबूत राहणं, शिकार आणि मासेमारी. दुसरा पाळीव निसर्ग, म्हणजे फुलं तोडणं, बी पेरणं, बागेला पाणी घालणं. दोन्हींमुळं मोठेपणी निसर्गाबद्दल आस्था वाढलेली दिसली. पण प्रत्यक्ष वागण्याशी ठळक नातं दिसलं ते जंगली निसर्गाचं. बागेचा परिणाम वागण्यापर्यंत पोचेपोचेतो फिका झाला होता.

मी हा अभ्यास पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या मनात आलं, मग आमच्या पोरांचं काय? लातूर जिल्ह्यात वनाच्छादन एक टक्काही नाही. राज्यात सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत आमचा नंबर लागतो. बालाघाटच्या या पठारावर अकरा वर्षांच्या आतल्या लेकरानं झाडीत तंबू ठोकावा कुठं? देवर्जनजवळचं हत्तीबेट आहे, शाळेच्या सहली तिथं जातात. उदगीरच्या किल्ल्याचा खोल खंदक आहे, त्यात झुडपं माजतात, तटाच्या भोकांतून राघूंचे थवे निघतात. किल्ल्याचं नाव इतिहासात १७६० च्या लढाईसाठी घेतलं जातं, पण गावातल्या कित्येक पोरांनी आयुष्यातली पहिली घोरपड तिथंच पाहिलेली असते. याच्यापुढं यादी फारशी सरकत नाही.

मग एक दिवस मला आजीचा शब्द आठवला. अमेरिकी अभ्यासकांनी ज्याचे दोन भाग केले, त्याला आमच्या भाषेत एकच नाव आहे. आणि ते उगीच नाही. आमच्या शिवारात पेरलेलं आणि न पेरलेलं एकमेकांना खेटून असतं. दोन पिकांच्या मधे धुरा असतो. धुऱ्यावर बोरी, बाभळी, हिवर, पळस, तरवड, रुई. धुऱ्यात मुंगसाचं बीळ, तितराची अंडी, सापाची कात. धुरा कुणी लावत नाही, कुणी त्याला पाणी देत नाही. शेताला जाणारं पोर वाटेत वगळ, म्हणजे लहानसा ओढा, ओलांडतं, गायरानातून जातं, धुऱ्यावरून चालतं आणि मग पिकात शिरतं. आईची भाकरी पोचवायला निघालेलं लेकरू अर्ध्या तासात पाळीव निसर्गातून जंगली निसर्गात आणि परत पाळीव निसर्गात चार वेळा ये-जा करतं. हा काही अभ्यासातला निष्कर्ष नाही, माझं वाचन आहे. पण आमच्या भागातला जंगली निसर्ग शोधायचा तर तो धुऱ्यावर आणि वगळीतच शोधावा लागेल, एवढं मला नक्की वाटतं.

हरभऱ्याचंच बघा. थंडीत हरभऱ्याच्या रानातून चालत गेलं की पायाला ओल लागते आणि पोटऱ्या चुरचुरतात. हरभऱ्याच्या पानावर, देठावर, घाट्यावर बारीक लव असते. त्या लवेतून आंबट द्रव पाझरतो, त्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लं असतात. आम्ही त्याला आंब म्हणतो. पूर्वी बायका पहाटे पांढरं धुतलेलं फडकं हरभऱ्यावरून ओढायच्या, दवासकट आंब फडक्यात उतरायची, मग ते फडकं बरणीत पिळून घ्यायचं. पोट दुखलं की त्यातले चार थेंब पाण्यात. आम्हा पोरांना एवढा धीर नसायचा. डहाळा उपटायचा, घाटे सोलून खायचे आणि मग दहाही बोटं एकेक करून चोखायची. जिभेला झिणझिण्या येईपर्यंत. वनस्पतिशास्त्राचं पुस्तक माझ्या हातात फार उशिरा आलं. त्यात ग्रंथिल लव हा शब्द वाचला तेव्हा माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

हे ज्ञान कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि तरी ते एकटीनं मिळवलेलंही नव्हतं. फडकं ओढणारी आजी शेजारी होती.

*

लुईस चावला या अभ्यासिकेनं नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या केंटकी राज्यात आणि नॉर्वेत पर्यावरणासाठी झटणाऱ्या माणसांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या. लहानपणी लाभलेली मोकळी जागा तिथंही आली. पण तिच्या जोडीनं आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा आली, ती म्हणजे घरातलं एखादं माणूस. आई, वडील, आजोबा, कुणीतरी. या माणसांनी उपदेश केला असं मुलाखतीत फारसं कुणी म्हणालं नाही. ती माणसं स्वतः थांबून काहीतरी बघायची आणि लेकरू त्यांच्या नजरेमागं आपली नजर न्यायचं. चावला यांनी याच लक्ष देण्यावर भर दिला आहे. मोठं माणूस कशाजवळ थांबतं, कशाला हळू हात लावतं, कशावरून न बघता पुढं जातं, यावरून मुलाला कळतं की जगात किंमत कशाला आहे.

मराठीत याचा सगळ्यांत मोठा दाखला मारुती चितमपल्ली यांचा. १९३२ साली सोलापुरात जन्म, वनखात्यात छत्तीस वर्षं नोकरी, पाखरांवर आणि अरण्यावर आयुष्यभर लेखन, २०२५ मध्ये पद्मश्री आणि त्याच वर्षी जूनमध्ये निधन. 'चकवाचांदण' या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या रानवेडाचा उगम सोलापूरच्या घरात दाखवला आहे. आई आणि मामा यांच्याकडून त्यांना पाखरांची, झाडांची, रानवाटांची ओळख झाली. सोलापूर म्हणजे काही मेळघाट नव्हे. तिथलं रान आमच्याच रानासारखं, कोरडं, काळ्या मातीचं, बाभळीचं. अशा रानातून एवढा मोठा अरण्यवाचक निघाला तो शेजारी बोट दाखवणारी माणसं होती म्हणून.

सलीम अलींची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि मला ती जास्त विचार करायला लावते. १९०८ च्या सुमाराला, बारा वर्षांचे असताना, त्यांनी छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी पोराला रागावून विषय संपवला नाही. ते पाखरू घेऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडं पाठवलं. तिथल्या मिलर्ड साहेबांनी ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी आहे हे सांगितलं आणि मग कपाटांचे खण उघडून शेकडो पाखरं त्या मुलाला दाखवली. भारतातल्या सगळ्यांत मोठ्या पक्षिशास्त्रज्ञाची सुरुवात एक पाखरू मारण्यातून झाली.

रानात वाढलेल्या प्रत्येकाच्या नावावर असे काही जीव असतात. माझ्या नावावर मिरगाचे किडे आहेत. जूनमधला पहिला दमदार पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी ओल्या मातीवर हे लालभडक मखमली जीव चालताना दिसायचे. किडा म्हणतात खरं, पण पाय आठ, म्हणजे नातं कोळ्याशी. वर्षातला बहुतेक काळ तो जमिनीत असतो, मिरगाच्या ओलीनं चार-आठ दिवस वर येतो. बोट लावलं की पाय पोटाशी घेऊन गप्प पडतो. आम्ही ते काडेपेटीत भरायचो, सोबत दोन दूर्वांची पाती. रात्री काडेपेटी उशाखाली. सकाळी उघडून बघितलं तर मखमल तशीच, पण हालचाल नाही. आजीनं पेटी हातात घेतली, बघितली आणि म्हणाली, "त्याचं घर वल्ल्या मातीत हाय, बाय. पेटीत कसं जगंल?" मारलं नाही, पाप लागेल असंही म्हणाली नाही. पुढच्या वर्षी तिनं मला उकिडवं बसवून तो जिथून वर येतो ते भोक दाखवलं. त्यानंतर काडेपेटी मी नेली नाही.

लेकरानं पाखराच्या घरट्याला हात लावायचा नाही, किडा धरायचा नाही, फूल तोडायचं नाही, अशी पाटी लावून निसर्गप्रेम शिकवता येईल असं मला वाटत नाही. वेल्स आणि लेकीज यांच्या यादीत शिकार आणि मासेमारी जंगली निसर्गाच्याच खात्यात होती, हे विसरता कामा नये. हात लागतो, चूक होते, जीव जातो, आणि त्या वेळी शेजारी कोण असतं यावर पुढचं बरंच अवलंबून असतं.

आठवणींवर विसंबायचं नसेल तर दुसराही पुरावा आहे. गॅरी इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मांडलेल्या अभ्यासात माणसांना मागचं आठवायला सांगितलं नव्हतं. सहा वर्षांच्या मुलांची माहिती घेतली आणि ती मुलं अठरा वर्षांची झाल्यावर पुन्हा गाठली. बारा वर्षं थांबले. सहाव्या वर्षी जी मुलं घराबाहेर जास्त वेळ खेळत होती आणि ज्यांच्या आयांना पर्यावरणाबद्दल आस्था होती, ती अठराव्या वर्षी पर्यावरणाला जपून वागणारी निघण्याचा कल जास्त होता. उघडं आभाळ आणि आईची नजर, दोन्ही. मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही, पण बरं वाटलं.

*

आता शाळेकडं वळू. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये निकाल दिला आणि पर्यावरणाचं शिक्षण देशभर सक्तीचं करण्याचा मार्ग मोकळा झाला. आपल्याकडं तिसरीपासून 'परिसर अभ्यास' आहे. तिसरीचं पुस्तक तर प्रत्येक जिल्ह्याचं वेगळं निघालं, म्हणजे लातूरच्या मुलाला लातूरच्या नद्या, पिकं, गावं. ही फार चांगली गोष्ट झाली, ज्यांनी केली त्यांचे आभार मानायला हवेत. पण पुस्तक चांगलं असून भागत नाही. वेल्स आणि लेकीज यांच्या आकडेवारीत लहानपणी पर्यावरणशिक्षणाच्या कार्यक्रमांना जाऊन आलेल्यांच्या पुढच्या वागण्यावर त्या कार्यक्रमांचा म्हणण्यासारखा ठसा दिसला नाही. परिसराचा अभ्यास चार भिंतींत होतो आणि परिसर खिडकीबाहेर राहतो, तोवर हेच दिसणार.

आमच्याकडं त्यात आणखी एक भर पडली आहे. लातूर पॅटर्न या नावानं आमचा जिल्हा महाराष्ट्रभर ओळखला जातो, आणि इथून डॉक्टर झालेल्या शेतकऱ्याच्या लेकरांचा मला अभिमान आहे. पण क्लासची तयारी आता दहावीनंतर सुरू होत नाही. पाचवी-सहावीतली मुलं शाळा सुटली की फाउंडेशनच्या वर्गात बसतात. अंधार पडल्यावर घरी. रविवारी टेस्ट. लहानपणीचा जो काळ हे सगळे अभ्यास मोलाचा म्हणतात, नेमका तोच आपण पत्र्याच्या शेडमधल्या बाकांवर खर्च करतो आहोत. शेत गावापासून दोन किलोमीटरवर असतं आणि पोराला त्याचा रस्ता सांगता येत नाही.

याचा पहिला फटका नावांना बसतो. केंब्रिजच्या अभ्यासकांनी २००२ मध्ये ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांना चित्रांचे पत्ते दाखवले. काही पत्त्यांवर नेहमी आढळणारे प्राणी आणि झाडं, काहींवर पोकेमॉन. आठ वर्षांपुढची मुलं पोकेमॉन सहज ओळखत होती, आणि झाडा-प्राण्यांपाशी अडखळत होती. मुलांच्या डोक्यात शेकडो नावं बारकाव्यांसकट मावतात, हे यातून कळतं. आमच्याकडं गुरं राखणाऱ्या पोरांना देवणी जातीचं जनावर लांबून बघून सांगता यायचं, की हा वानेरा, पांढरा पण तोंड काळसर. हा बालंक्या, खालच्या अंगाला ठिपके. हा शेवरा, अंगभर वेडेवाकडे काळे ठिपके. देवणीचं नाव ज्या गावावरून पडलं ते गाव पूर्वी उदगीर तालुक्यातच होतं. ती पोरं शाळेत कच्ची म्हणून गणली जायची.

आणि रानातल्या भाज्या. तांदुळजा, पाथरी, चिघळ, कुंजीर, आघाड्याचा कोवळा पाला. पावसाळ्यात आई खुरपायला गेली की संध्याकाळी ओट्यातून हे सगळं घरी यायचं. पुढं खरिपाच्या ज्वारीची जागा सोयाबीननं घेतली, मजुरी परवडेना, तणनाशकाचा पंप पाठीवर आला. शेतकऱ्याला दोष देण्याचा हेतू नाही, त्याच्या हिशेबात दुसरा मार्ग उरला नव्हता. पण माझ्या आजीनं जिला भाजी म्हटलं, तिला आता तण म्हणतात. झाड तेच आहे. तण म्हणून ओळख झालेल्या गोष्टीसाठी कुठलं लेकरू वाकणार? रॉबर्ट पाइल या फुलपाखरांच्या अभ्यासकानं १९९३ मध्ये याला अनुभवाचं नामशेष होणं म्हटलं. वनस्पती कुठंतरी शिल्लक असते, पण तिला हात लावलेला माणूस संपतो, आणि तो संपला की ती वनस्पती संपल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही.

आमच्या शेताकडं जाताना जी वगळ लागते तिच्याबद्दल सांगते. आजी सांगायची, शिमग्यापर्यंत पाणी असायचं, बायका तिथं गोधड्या धुवायच्या. वडिलांच्या लहानपणी संक्रांतीपर्यंत. मला आठवतं ते दिवाळीपर्यंतचं, त्यात आम्ही चिंगळ्या धरायचो. माझ्या भावाच्या मुलीनं तिथं वाहतं पाणी पाहिलं आहे ते फक्त पाऊस चालू असताना. पावसाळ्यानंतर वगळ वाहते ती जमिनीत मुरलेल्या पाण्यावर. आमच्याकडं खाली काळा पाषाण, त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात जेवढं साठेल तेवढंच पाणी. बोअर शेकडो फूट खाली गेले, पाण्याची पातळी वगळीच्या तळापेक्षा खाली उतरली आणि झरे मुके झाले. पण मला जास्त लागतं ते वेगळंच. भावाच्या मुलीला ती वगळ कोरडी वाटत नाही. तिच्या लेखी वगळ अशीच असते, दगडगोट्यांची, कडेला बाटल्या अडकलेली.

पीटर कान या मानसशास्त्रज्ञाला हेच ह्यूस्टनमधल्या मुलांत दिसलं होतं. हवेचं प्रदूषण म्हणजे काय हे मुलांना सांगता येत होतं, पण आपल्या शहराची हवा प्रदूषित आहे असं त्यांतल्या बऱ्याच जणांना वाटत नव्हतं. जन्मल्यापासून तीच हवा. प्रत्येक पिढी आपल्या बालपणीचं जग हेच मूळ जग समजते आणि तिथून मोजायला लागते. कान याला पिढ्यांचं विस्मरण म्हणतात. यावर इलाज एकच आहे, की आजीनं नातीला त्याच वगळीकाठी उभं करून गोधड्यांची गोष्ट सांगावी. पुस्तकात वाचून ते होत नाही, तिथं उभं राहावं लागतं.

इथवर वाचून कुणाला वाटेल, की रानात राहणाऱ्या प्रत्येक लेकराचं नशीब थोर. तसं नाही, आणि हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. बीडसह मराठवाड्यातल्या कितीतरी गावांतून दिवाळीनंतर ऊसतोडीच्या गाड्या निघतात. आई-बापाबरोबर लेकरंही. पाच-सहा महिने फडाजवळच्या कोपीत मुक्काम. त्यांच्याइतकं उघड्यावर कोण राहतं? पण त्या पोरीच्या कडेवर धाकटा भाऊ असतो, डोक्यावर वाढ्यांची मोळी असते. पाखरू बघायला थांबायची सवड तिला कुणी दिलेली नसते. सगळे अभ्यास ज्या हिंडण्याबद्दल बोलतात ते मोकळं हिंडणं आहे. राबायला लावलेल्या बालपणाला निसर्गाचा सहवास म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

पाण्याचंही तसंच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्यानं भरलेली रेल्वे लातूरला आली. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास, पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात सहा-सात वर्षांची असलेली मुलं टँकरच्या रांगेत घागर धरून उभी राहिली. भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी झाडाला, हे त्यांच्या हातात बसलं. ती सवय टिकली का? काही घरांत टिकली, बऱ्याच घरांत नळ नियमित झाल्यावर गेली. टंचाईच्या धाकानं आलेली काटकसर पाऊस पडला की सैल होते. विहिरीत पोहायला शिकलेलं पोर मात्र, पाणी भरपूर असलं तरी, विहिरीत कचरा टाकणाऱ्याचा हात धरतं. माझ्या भावानं एकदा धरला होता, त्यावरून भांडण झालं, ते सहा महिने चाललं.

*

एवढं सगळं म्हटल्यावर आमच्या हाताशी काय आहे, याचा विचार करते तेव्हा मला वेळ अमावस्या आठवते. आम्ही येळवस म्हणतो. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर, धाराशिव, सोलापूरपासून पलीकडं बिदर, कलबुर्गीपर्यंतचा सीमाभाग गावं सोडून रानात जातो. कन्नडमध्ये येळ म्हणजे सात, ज्येष्ठापासून मोजली तर ही सातवी अमावस्या, म्हणून हे नाव, असं सांगतात. आमच्या जिल्ह्यात त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते. दुपारी बाराला उदगीरचा बाजार बघा, कुत्रं दिसणार नाही.

कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करतात. हो, ऊसतोडीच्या कोपीचं आणि हिचं नाव एकाच मुळाचं. कोपीत पाच दगडांचे पांडव, चुना आणि कावेनं रंगवलेले. डालीतून आलेला स्वयंपाक म्हणजे बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आंबट भात आणि सगळ्यांची राणी भज्जी. भज्जीत त्या दिवशी शिवारात जे जे हिरवं असेल ते सगळं पडतं. हरभऱ्याचे आणि तुरीचे कोवळे दाणे, वाटाणा, वालाच्या शेंगा, मेथी, चुका, वर बेसन. मडक्यात ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील. ती आधी पिकावर शिंपडायची, रानाला चारही बाजूंनी फेरी घालत, ओरडत, आणि या ओरडण्यात पोरं पुढं असतात. मग माणसांनी प्यायची. ज्याला शेत नाही त्याला शेजाऱ्यानं बोलवायचं. कुणी बोलावलं नाही तरी वाटेवरच्या कुठल्याही कोपीपाशी थांबावं, ताट पुढं येतं.

अभ्यासक जे जे शोधत होते ते इथं एका दिवसात एका जागी येतं. उघडं रान, मोकळं हिंडणं, चव, वास आणि बाजूला आई, आत्या, आजी. पण एका दिवसानं काय होणार, असं कुणी विचारलं तर माझ्याकडं पक्कं उत्तर नाही. गेल्या काही वर्षांत या दिवसाच्या दुसऱ्या सकाळी बांधाला प्लॅस्टिकचे पेले आणि थर्माकोलची ताटं साचलेली दिसतात, ते बघून माझा जीव तुटतो. पळस त्याच धुऱ्यावर उभा असतो, पत्रावळी लावणारे हात गेले.

मागच्या येळवसीला भाऊ पुण्याहून सहकुटुंब आला. भाची आठ वर्षांची. सकाळी तिला मातीत बूट घालायचे नव्हते, म्हणून गाडीतून उतरत नव्हती. मी काही समजावलं नाही. हरभऱ्याच्या कडेला जाऊन बसले, एक डहाळा उपटला आणि घाटे सोलायला लागले. थोड्या वेळानं ती अनवाणी आली.

"आत्या, हे धुवून नाही घ्यायचं?"

"नाही. बोट चाट आधी."

तिनं चाटलं, तोंड वेडंवाकडं केलं, आणि दुसरं बोट पानावर घासलं. दुपारी ती दिसली नाही तेव्हा वहिनी शोधायला निघाली, तर बांधावरून कुणीतरी सांगितलं, पोरांबरोबर वगळीकडं गेलीय. अंधार पडताना भावानं कडब्याचा हेंडगा पेटवला आणि पिकावरून ओवाळत फिरवला. ती त्याच्या मागं पळत होती. निघायच्या वेळी गाडीत बसल्यावर वहिनीनं ओला रुमाल पुढं केला. तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"थांब ना मम्मी. अजून आंबट लागतंय."